जास्त म्हटलं की बेरीज?

चि. छोटीस,


काल फोनवर तू म्हणालीस, "मावशी, मी त्याला पाठच करून दिलंय, 'जास्त' दिसलं की बेरीज, 'कमी' दिसलं की वजाबाकी. तरी चुकला, म्हणून दिली एक ठेवून." तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. अगं, चुकला कुठे तो? पहिल्या बसमध्ये 42 कामगार, ते दुसऱ्या बसमधल्यांपेक्षा 7 ने जास्त, तर दुसऱ्या बसमध्ये किती? त्याने 'जास्त' पाहिलं आणि 49 लिहिलं. लेकराने तुझंच ऐकलं आणि वर मार खाल्ला.

तू स्वतः इन्स्पेक्शनला आहेस ना? चाकणला दिवसभर हातात व्हर्निअर घेऊन करतेस काय? ड्रॉइंगवर 25 मिलिमीटर, जॉब भरतो 25.06. दोन मापं शेजारी ठेवायची, जुळतं तेवढं सोडायचं, उरेल तो फरक. कुणी कुणाचं काही काढून घेतलेलं नसतं. आणि 'जॉब ड्रॉइंगपेक्षा सहा शतांशने जास्त आहे' असं कळल्यावर ड्रॉइंगचं माप काढायला तू 25.06 मध्ये आणखी सहा शतांश मिळवशील का? मग पोराला असला नियम का देतेस?

मुलांना वजाबाकी आपण शिकवतो ती काढून घेण्याची. पाच पेरू होते, दोन खाल्ले. तुलनेच्या गणितात कुणी काही खात नाही, दोन्ही ढीग जागच्या जागी असतात. मग वजा काय करायचं, हा प्रश्न मुलाला पडणारच. 1983 साली टॉम हडसन नावाच्या अमेरिकन संशोधकाने लहान मुलांना पक्षी आणि अळ्यांची चित्रं दाखवली. 'अळ्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त?' असं विचारल्यावर पहिलीतल्या 64 टक्के मुलांचं उत्तर बरोबर आलं. तेच चित्र ठेवून 'प्रत्येक पक्ष्याने एक अळी पकडायची, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?' म्हटल्यावर शंभर टक्के! बालवाडीच्या वयाची तर 25 टक्क्यांवरून 96 वर गेली. पोरं मठ्ठ नसतात गं, आपलं विचारणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून आधी आकड्यांना हातच लावू देऊ नकोस. 'कुठल्या बसमध्ये माणसं जास्त?' एवढंच विचार. मग वहीत एकाखाली एक दोन पट्ट्या काढायला लाव, एक लांब, एक आखूड. 42 कुठल्या पट्टीवर लिहायचे ते त्यालाच ठरवू दे. लांब पट्टीचा जो तुकडा पुढे उरला, ते 7. एवढं झालं की बेरीज की वजाबाकी हे तो तुला विचारणार नाही.

2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' आलं तेव्हा सगळा महाराष्ट्र केवढा भांडला, पुस्तकाच्या समितीवरच्या मंगला नारळीकरांना किती उत्तरं द्यावी लागली! शाब्दिक उदाहरणांसाठी तेवढा जीव कुणी टाकलेला मला तरी आठवत नाही. माझ्या भोसरीच्या वर्गात अर्धी मुलं मराठवाड्यातली नाहीतर बिहारची असायची, बाप कुठल्यातरी कंपनीत कंत्राटी. बिहारच्या मुलांना अख्ख्या वाक्यातून 'जास्त' तेवढं कळायचं, मग ती त्यालाच धरून बसायची. त्यांचं मी समजू शकत होते. तुझ्या घरात तर मराठीच बोलतात, आणि तूच त्याला वाक्य न वाचायला शिकवते आहेस. उद्या हाच मुलगा पगाराची स्लिप अशीच वाचेल, कर्जाच्या कागदावर अशाच एका शब्दाच्या भरवशावर सही करून मोकळा होईल, याची मला खरंच धास्ती वाटते.

तुझी दमणूक मला दिसते. सेकंड शिफ्ट, मग तळेगाव चौकातली ती गर्दी, घरी येईतो मध्यरात्र. सकाळी डोळे चुरचुरत असताना गृहपाठ घ्यायला बसतेस आणि हात उठतो. मग नकोच घेऊस. रविवारी त्याला माझ्याकडे सोड आणि तू झोप काढ.

पण आधी एवढं कळव, काल तो जेवला का? आणि गणिताची वही तुला दाखवायला अजून स्वतःहून येतो ना?

तुझी,
मावशी