विनातारण

विनातारण, विनाजामीन आणि बिनव्याजी कर्ज देणारी एक संस्था गावोगावी आहे आणि तिच्या दारात रांग नाही, असं मी म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, याला मार्चअखेर बाधली. पण अशी संस्था आहे. तिला कॉलेजची लायब्ररी म्हणतात. आमच्या शाखेने असल्या कर्जाची नुसती पाटी लावली, तर शटर वाचवायला पोलीस बोलवावे लागतील. लायब्ररीच्या दारात मात्र वर्षभर एक मांजर आणि परीक्षेआधी पंधरा दिवस सगळं कॉलेज, असा हिशेब असतो.

हे मी अधिकाराने सांगतो, कारण माझं उभं आयुष्य काउंटरला टेकून गेलं आहे. विशीपर्यंत लायब्ररीच्या काउंटरच्या बाहेरच्या अंगाला आणि त्यानंतर बँकेच्या काउंटरच्या आतल्या अंगाला. बाहेरून आत यायला मध्ये एक बी.कॉम. आणि एक लेखी परीक्षा लागली, इतकंच. दोन्हीकडे जाळी, दोन्हीकडे स्लिपा, दोन्हीकडे 'जेवणाची सुट्टी'ची पाटी. त्यामुळे नोकरीच्या पहिल्या दिवशी मला परकं असं काही वाटलंच नाही.

आमच्या कॉलेजची लायब्ररी बंदिस्त पद्धतीची होती. म्हणजे पुस्तकांच्या कपाटापर्यंत विद्यार्थ्याने जायचं नाही. लाकडी खणांतली कार्डं चाळायची, नंबर शोधायचा, तो स्लिपवर लिहायचा, स्लिप जाळीतून आत सरकवायची आणि मुलीकडच्यांचा निरोप यायचा असावा तसं उभं राहायचं. जाळीपलीकडे काका असायचे. त्यांच्या हुद्द्याचं नाव काहीतरी मोठं होतं, पण प्राचार्यांपासून सगळे त्यांना काकाच म्हणायचे. काका स्लिप घेऊन कपाटांच्या अंधारात गडप व्हायचे आणि चार मिनिटांनी रिकाम्या हातांनी येऊन एकच शब्द उच्चारायचे, "बाहेर!"

पुस्तक बाहेर गेलंय की आम्ही बाहेर जायचंय, हे तीन वर्षांत मला समजलं नाही. कुठलाही अर्थ घेतला तरी परिणाम एकच व्हायचा.

यात काकांचा तरी काय दोष? कॉमर्सच्या पोरांचा ग्रंथराज म्हणजे शुक्ला-ग्रेवाल. हा ग्रंथ उशाला घेतला तर मान धरते आणि हातात घेतला तर हात धरतो. आमच्या वर्षाच्या चार तुकड्या, दर तुकडीत एकशेवीस, म्हणजे मुलं चारशेऐंशी. आणि शुक्ला-ग्रेवालच्या प्रती सहा. एका प्रतीमागे ऐंशी मुलं. पुस्तक सात दिवसांच्या बोलीवर मिळायचं. म्हणजे शेवटच्या मुलाच्या हातात पहिल्या वर्षाचं पुस्तक पडायला ऐंशी आठवडे. तोवर त्याच्या दुसऱ्या वर्षाची सहामाही होऊन गेलेली. हा हिशेब मी त्याच पुस्तकाची वाट बघताना केला आहे. माझ्या अकाउंट्सचा पाया तिथेच पक्का झाला.

पुस्तक सांभाळण्याची ही काळजी फार जुनी आहे. मध्ययुगात युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं चक्क साखळीने कपाटाला बांधलेली असत. इंग्लंडात हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये तसलं साखळ्यांचं ग्रंथालय आजही जपून ठेवलेलं आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बिलकुल आश्चर्य वाटलं नाही. आमच्या काउंटरवरचं तीन रुपयांचं पेन सुतळीने बांधलेलं असतं. माणूस लाखाचा चेक विश्वासाने आमच्या हाती देतो आणि आम्ही त्याला पेन बांधून देतो. मग हाताने लिहिलेली पोथी साखळीने बांधणाऱ्या त्या पाद्र्यांना कोणत्या तोंडाने हसायचं?

या साखळ्या मनातून काढून टाकायला आपल्याकडे एक गणिताचा मास्तर यावा लागला. शियाळी रामामृत रंगनाथन. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत असताना १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. तिथला शुकशुकाट बघून काही दिवसांतच त्यांना इतका कंटाळा आला, की मला पुन्हा वर्गावर घ्या म्हणून ते कॉलेजात जाऊन उभे राहिले. पुढे ते लंडनला शिकायला गेले, तिथल्या एका दुकानात मुलांचा मेकॅनो पाहून त्यांना पुस्तकांच्या वर्गीकरणाची नवी युक्ती सुचली, आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. सार एवढंच, की पुस्तक वापरायला असतं. वाचणाऱ्याला त्याचं पुस्तक मिळावं आणि पुस्तकाला त्याचा वाचणारा. वाचणाऱ्याचा वेळ फुकट जाऊ नये. आणि ग्रंथालय ही वाढती गोष्ट आहे. आज १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी हार फोटोला घालतात आणि कुलूप कपाटाला.

रंगनाथनांच्या आधी अमेरिकेत मेलविल ड्यूई नावाच्या गृहस्थांनी १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दहा आळ्यांत बसवून प्रत्येक विषयाला घरनंबर दिला होता. बऱ्याच कॉलेजांत आजही तोच चालतो. या ड्यूईसाहेबांना संसाराचा अनुभव दांडगा असावा. त्यांनी स्वयंपाक ६४१.५ वर ठेवला आणि जमाखर्च ६५७ वर, म्हणजे एकाच आळीत. आमच्याही घरी ही दोन्ही खाती एकाच व्यक्तीकडे आहेत आणि तिथे ऑडिट करायची माझी छाती नाही. बँक ३३२ वर आहे. तिथून बत्तीस घरं सोडून ३६४ वर गुन्हेगारी. यावर मी नोकरीत असेपर्यंत काही बोलणार नाही.

व्याज नाही म्हटलं खरं, पण दंड असायचा. दिवसाला पन्नास पैसे. ऐकायला किरकोळ. पण पुस्तकाची किंमत एकशेऐंशी धरा. वर्षाचे झाले एकशेब्याऐंशी रुपये पन्नास पैसे, म्हणजे दर साल दर शेकडा एकशेएक टक्क्याच्याही वर. सावकारांना वेसण घालायला महाराष्ट्राने २०१४ साली नवा कायदा केला, त्यात लायब्ऱ्या कशा सुटल्या कोण जाणे! तरी एक सांगतो. दंडाची ही पावती फाडताना काकांचा हात जड व्हायचा. पोरगं पुस्तक घेऊन परत आलं याचाच त्यांना आनंद. आमच्याकडे थकलेला कर्जदार आपण होऊन परत आला, तर आम्हीही त्याला चहा पाजू.

माझा एक वर्गमित्र मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेला होता. एका खोलीत सहा कॉट आणि दहा वाजता दिवा बंद, असा त्याचा मुक्काम. बुक बँकेतून किमतीच्या दहा टक्क्यांत वर्षभराचा संच मिळायचा. तो त्याने घेतला, पण संचात शुक्ला-ग्रेवाल नव्हतं. एक प्रत संदर्भ विभागात होती. तिच्यावर लाल शिक्का, म्हणजे तिने लायब्ररीचा उंबरा ओलांडायचा नाही. ती तिथेच बसून वाचायची. हा तिथेच बसून वाचायचा, आणि सहाला घंटा झाली की पान अर्धवट सोडून उठायचा. असं पाच-सहा दिवस काकांनी बघितलं. सातव्या दिवशी त्यांनी ती लाल शिक्क्याची प्रत जाळीतून बाहेर सरकवली.

"ने. सकाळी आठला टेबलावर पाहिजे. आठ म्हणजे आठ. काय?"

"काका, साडेसातलाच आणतो."

"साडेसातला मी घरी असतो रे लेका. आठ म्हणालो."

त्यानंतर परीक्षेपर्यंत ते पुस्तक रोज रात्री बाहेर जायचं आणि रोज सकाळी आठला टेबलावर असायचं. मित्र जिन्यातल्या दिव्याखाली बसून उदाहरणं वहीत उतरवायचा. रजिस्टरमध्ये याची नोंद नाही. काकांनी रंगनाथनांचं नाव ऐकलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. पण त्यांचे नियम काकांच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच अडकवलेले असणार.

तो मित्र पुढे सी.ए. झाला. आता आमच्याच शाखेच्या ऑडिटला येतो, चष्म्यावरून बघतो आणि म्हणतो, "ते रजिस्टर सकाळी आठला टेबलावर पाहिजे." काकांचं पुण्य असं आमच्या मानगुटीवर बसलं आहे.

तुम्ही म्हणाल, हे झालं जुनं. आता सगळं मोबाइलवर आहे. आहेच. २०१८ साली देशाला खुलं झालेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभं केलं आहे; ते घरबसल्या उघडता येतं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट योजना २०१० पासून आहे. जे कॉलेज तिचं सभासद असतं, त्याच्या विद्यार्थ्यांना लाखाहून जास्त ई-पुस्तकं वाचता येतात. पासवर्ड मात्र लायब्ररीत जाऊन मागावा लागतो, आणि तो मागायचा असतो हेच पुष्कळ पोरांना माहीत नसतं. पुस्तकांच्या साखळ्या गेल्या, पासवर्डची राहिली.

आमच्या शाखेतल्या शिपाईमामांची मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुपारपर्यंत कॉलेज, मग पाचपर्यंत एका दुकानात बिलं करते. मी तिला मोठ्या ऐटीत या डिजिटल ग्रंथालयाची माहिती दिली. ती सगळं ऐकून म्हणाली, "काका, पुस्तकं आहेत हो मोबाइलमध्ये. घरात टेबल नाही."

एक खोली, त्यात पाच माणसं, टीव्ही आणि आजीचा खोकला. तिच्या कॉलेजात चांगली मोठी वाचनाची खोली आहे, खुर्च्या आहेत, पंखे आहेत, मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांच्या बांधीव फायली आहेत. आणि ती पाच वाजता बंद होते. हिची दुकानातून सुटका पाचलाच होते. पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची पोरं महिन्याचं भाडं भरून अभ्यासिकेत खुर्ची घेतात. खुर्ची, दिवा आणि शांतता यांचं हे भाडं! ज्याच्याकडे ते नाही, त्याने आजीचा खोकला ऐकत डेबिट-क्रेडिट करायचं.

आम्ही बँकवाले कितीही बदनाम असलो, तरी भिंतीत एक मशीन बसवून रात्री दोन वाजता पैसे काढायची सोय आम्ही केली. रात्री दोनला पैसे लागणारी माणसं गावात किती? आणि संध्याकाळी सहाला खुर्ची लागणारी पोरं किती? लायब्ररीत पुस्तकं किती, हे रजिस्टर बघून सांगता येतं. ती कुणाच्या कामाची आहे, हे तिचं दार किती वाजता बंद होतं त्यावरून कळतं. एक शिपाई, दोन दिवे आणि चार तास, एवढाच खर्च आहे. मी खर्चाच्या बाबतीत सहसा इतका उदार होत नाही, घरी विचारा.

बँकेत एखाद्याची ठेव दहा वर्षं कुणी विचारली नाही, तर २०१४ पासूनच्या नियमानुसार ती रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. लायब्ररीतलं पुस्तक मात्र दहा वर्षं कुणी विचारलं नाही, तरी बिचारं त्याच घरनंबरवर, मागच्या पानावरची तारखांची कोरी पट्टी सांभाळत उभं असतं. तेव्हा पोरांनो, तुमच्या नावाची ही ठेव पडून आहे आणि पासबुक तुमच्या खिशात आहे. स्लिप भरा. पासवर्ड मागा. दार उशिरापर्यंत उघडं ठेवा म्हणून अर्ज करा, आणि अर्जाची पोच घ्या.

आणि जाळीतून "बाहेर!" असा आवाज आलाच, तर बाहेर जाऊ नका. तिथेच बसा. सातव्या दिवशी काहीतरी होतं.