नट किती घट्ट?

परवा शनिवारी गाडीच्या चाकाचा एक नट आवळता आवळता मऊ पडला. मऊ म्हणजे अक्षरशः मऊ... टॉर्क रेंच फिरतोय, जोर लागत नाहीये आणि तो 'कट्ट' आवाज काही येत नाहीये. दुसऱ्या दिवशी पहाटे आई-बाबांना घेऊन ताम्हिणी घाटातून कोकणात उतरायचं होतं!

झालं असं की, आधीच्या आठवड्यात पंक्चर काढलं तेव्हा दुकानातल्या पोराने पान्यावर चक्क उभं राहून नट आवळले. साठ किलोचा माणूस, तीस सेंटिमीटरचा पाना. गुणाकार करा, १७५ न्यूटन-मीटर होतात. मॅन्युअलमधला आकडा १००. मी मनातल्या मनात हसलो, टॉर्क रेंच विकत आणला आणि शनिवारी सगळे नट सोडवून नव्याने बसवायला घेतले. वर शहाणपणा म्हणजे, पुढच्या वेळी सहज सुटावेत म्हणून आट्यांना छान तेल लावलं.

इथेच माती खाल्ली. रेंच मोजतो ती नट फिरवायला लागणारी ताकद. चाक धरून ठेवतो तो बोल्टमधला ताण. आवळल्यावर बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. पण आपण लावलेल्या १०० मधले साधारण ९० नट आणि चाकामधल्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच खर्च होतात, ताणाच्या वाट्याला जेमतेम १०. आता तेलामुळे घर्षण ९० चं ८० झालं, तर ताण १० चा २०, म्हणजे थेट दुप्पट! रेंचवरचा आकडा मात्र तोच. (इनपुट बरोबर आणि आउटपुट चूक, हे आम्ही रोज ऑफिसात बघतो, तरी कळलं नाही.) कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेलकट आट्यांना लावायचा नसतो.

मी अजून अर्धा फेरा मारणारच होतो. बाबा शेजारी उभे होते. म्हणाले, "थांब रे. नट मऊ लागला की थांबायचं. हाताला कळत नाही का?"

थांबलो. संध्याकाळी गॅरेजवाल्याने तो बोल्ट ठोकून बाहेर काढला. मध्येच बारीक झालेला, तिथले आटे एकमेकांपासून लांब गेलेले. आधी त्या पोराने ताणला, उरलेलं काम मी केलं. "तेल कोणी घातलं?" त्याने विचारलं. मी बाबांकडे बघितलं, बाबांनी आकाशाकडे.

त्या चाकाचे चारही बोल्ट बदलले. आटे पुसून कोरडे केले, नट आधी हाताने बसवले, मग समोरासमोरचे आवळत गेलो आणि शेवटचा जोर गाडी जॅकवरून खाली उतरवल्यावर. रविवारी पन्नासेक किलोमीटरवर, घाटाच्या अलीकडे, थांबून पुन्हा रेंच लावला. तीन नट जागचे हलले नाहीत, चौथा केसभर फिरला आणि मग 'कट्ट'.

बाबा तोवर चहा सांगून आले होते.