दोरी सोडताना

उत्तराखंडातल्या दुधातोलीच्या जंगलातून उतरलेली नायर नदी व्यासघाटला गंगेला मिळते. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथे पाण्याचे दोन रंग दिसतात. नायर नितळ, तळातला गोटा न् गोटा दाखवणारी. गंगा बर्फाचं पाणी घेऊन आलेली, करडी-हिरवी, बोटं बधिर करणारी. या दोन रंगांच्या शिवेवर सोनेरी महाशीर वावरतो. पिसं आणि दोरा बांधून केलेला फ्लाय त्याने तोंडात घेतला, की तो थेट मुख्य धार गाठतो. त्या पहिल्या धावेतच फ्लायची तीसेक मीटर दोरी निघून जाते आणि तिच्यामागचं बारीक बॅकिंग सरसर उलगडू लागतं. अशा वेळी सारी भिस्त रिळावर.

ट्राउटच्या ओढ्यावर असं नसतं. तिथे रीळ म्हणजे दोरी गुंडाळून ठेवायची जागा. मासा नुसत्या हातानेही ओढून आणता येतो. महाशीरच्या नदीवर मात्र रीळ निवडणं मला अतिशय गंभीर काम वाटतं.

दुकानात रीळ हातात आलं की मी दोरी गुंडाळून पाहत नाही, सोडून पाहतो. ड्रॅग, म्हणजे चाकाचा ब्रेक, आवळायचा आणि दोरी हळूहळू ओढायची. सुटताना हिसका बसला, तर ते रीळ परत फळीवर. सुटण्याच्या क्षणी लागणारा जोर फिरत्या चाकाच्या जोरापेक्षा फार जास्त असेल, तर लीडर, म्हणजे दोरी आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक धागा, तिथेच तुटतो आणि मासा ओठात गळ घेऊन जातो. सात किलोला तुटणारा लीडर असेल तर ड्रॅग दोन किलोच्या आसपास ठेवावा. उरलेली ताकद धारेसाठी, खडकासाठी आणि आपल्या घाईसाठी.

जुनी करकरणारी रिळं मला जिवापाड आवडतात. हार्डीचं ‘परफेक्ट’ १८९१ पासूनचं; त्याच्या आवाजावरून मासा किती वेगात पळतोय ते डोळे मिटूनही कळतं. पण त्यात मोठी धाव रोखायची ती रिळाच्या कडेवर तळवा दाबून, आणि गरगरणारी मूठ बोटांची सालं काढते. गंगेवर मी डिस्क ड्रॅगच निवडेन, तोही बंदिस्त, कारण त्या पाण्यातली अभ्रकाची आणि वाळूची बारीक पूड फटीफटीत शिरते.

चाकाचा गाभा मोठा हवा, हेही तितकंच महत्त्वाचं. भरलेल्या रिळावर दोरी मध्यापासून पाच सेंटिमीटरवर असेल आणि मासा पळता पळता ती अडीचवर आली, तर ड्रॅगला हात न लावताही दोरीवरचा ताण दुप्पट होतो. म्हणजे मासा सर्वांत लांब असताना लीडर तुटायला टेकतो. मोठ्या गाभ्यावर हा फरक कमी पडतो, आणि मासा आपल्याकडे वळला की दोरीही भराभर गोळा होते. आठ-नऊ नंबरच्या दोरीमागे तीस पौंडी बॅकिंग दीडशे ते दोनशे मीटर मावलं पाहिजे. तेवढं मावत नसेल तर रीळ कितीही देखणं असो, ते या नदीचं नाही.

एवढा खल कशासाठी? सोनेरी महाशीर आज संकटग्रस्त आहे. तो धरायचा तो परत सोडण्यासाठीच. झुंज लांबली की तो थकून जातो, आणि पाणी कोमट असेल तर त्यात प्राणवायूही कमी. सोडल्यावर पोहत गेलेला मासा पुढे जगेलच असं नाही. चांगलं रीळ ही झुंज आटोपती घेतं. रिळाचं मोल मला माणसाच्या विजयापेक्षा यात वाटतं.

महाशीर आपल्यालाही परका नाही. दख्खनी महाशीरचं पहिलं शास्त्रीय वर्णन निसर्ग-अभ्यासक साइक्सने १८३९ मध्ये केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून राखलेले महाशीर आजही लोकांनी टाकलेले कुरमुरे खायला वर येतात. तिथे गळ टाकायचा नसतो, आणि ते योग्यच आहे.

उत्तराखंडात मात्र परवाना काढून जाता येतं. जाल तेव्हा पैसे रॉडच्या दिमाखापेक्षा रिळाच्या ड्रॅगवर घाला, बिनकाट्याचा गळ बांधा आणि मासा पाण्यातच धरून सोडा.