सुरूचे खोड आणि पांढरी कड

भरती ओसरल्यावर वसईच्या किनाऱ्यावर गेले, की वाळूत रुतलेली सुरूची खोडे दिसतात. साल गळालेली, खाऱ्या वाऱ्याने राखाडी पडलेली, मुळे उघडी. सकाळची मिस्सा आटोपून कॅमेरा घेऊन तिकडे वळणे ही आमची जुनीच खोड!

सूर्य डोक्यावर आला की लाकडावरील रेघा पुसल्यागत होतात. तो कलता असताना मात्र बाजूने येणारा प्रकाश प्रत्येक भेगेत सावली भरतो. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९२९ पासून कॅलिफोर्नियातील पॉइंट लोबोस येथे झिजलेले खडक आणि सायप्रसची मुळे टिपली. ८ बाय १० इंचांच्या निगेटिव्हवरून ते थेट तेवढाच ठसा काढीत. त्यांची रेघ न् रेघ स्पष्ट असे.

आमच्या डिजिटल कॅमेऱ्याचे चित्र मुळात किंचित मऊ येते. म्हणून संगणकावर त्याला धार लावावी लागते. ही युक्ती डार्करूमच्या काळातील आहे. तेव्हा निगेटिव्हची एक मुद्दाम अस्पष्ट केलेली पॉझिटिव्ह प्रत तिच्यावरच ठेवून ठसा काढीत. आता संगणक तशी अस्पष्ट प्रत मनात धरतो, मूळ चित्राशी तिचा फरक काढतो आणि तो फरक मूळ चित्रात मिळवतो. परिणामी कडेची काळी बाजू अधिक काळी, उजळ बाजू अधिक उजळ होते. नवा तपशील एकही येत नाही. फक्त भेद वाढतो. प्रमाण सुटले, तर भेगेभोवती पांढरी कड उमटते.

काही वर्षांपूर्वी सणाच्या प्रदर्शनासाठी आम्ही एका खोडाचे मोठे चित्र छापून घेतले. धार सढळ हाताने लावली होती. सर्वांनी वाखाणले. होड्या बांधण्यात आयुष्य घालविलेले एक वृद्ध गृहस्थ मात्र त्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

“फादर, हे लाकूड आहे?”

“हो बाबा, आपल्याच किनाऱ्यावरचं.”

“मग पत्र्यासारखं का दिसतं? झिजलेलं लाकूड हाताला मऊ लागतं.”

आम्ही जवळ जाऊन पाहिले. प्रत्येक भेगेला पांढरी कड होती. वाऱ्यापाण्याने वर्षानुवर्षे बोथट केलेल्या कडांना आम्ही पुन्हा दात बसविले होते.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. कारण चित्राहून वेगळे होते. त्याच महिन्यात वाडीच्या वाटणीवरून दुरावलेल्या दोघा भावांत आम्ही मध्यस्थी केली होती. थोरल्याने आमच्या घरी येऊन सांगितलेली कुरबुर आम्ही धाकट्यापुढे मांडली. त्यात एक शब्द पदरचा घातला नव्हता. पण काळे अधिक काळे, उजळ अधिक उजळ करून सांगितले, म्हणजे त्याच्या मनाला लागेल असे. ते लागले. त्याने थोरल्याच्या अंगणात पाऊल टाकणे सोडले. प्रवचनाची सवय असलेल्या जिभेला धारेचा मोह फार असतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही धाकट्याकडे गेलो आणि चूक कबूल केली. त्याने चहा दिला, बोलला थोडेच. त्यांच्या आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेला दोघेही आले. बाके मात्र वेगवेगळी होती.

आता आम्ही धार सर्वांत शेवटी लावतो, छपाईचा आकार ठरल्यावर, अगदी बेताने. आणि दुसऱ्या सकाळी ताज्या डोळ्यांनी पुन्हा पाहतो. ते खोड आम्ही नव्याने छापून त्या वृद्ध गृहस्थांना दिले. त्यांनी काही न बोलता त्यावरून अंगठा फिरविला.

दोन्ही भावांकडे आमचे जाणे-येणे चालू आहे. एकाचे बोलणे दुसऱ्याकडे नेताना त्यातील धार वाटेतच ठेवण्याचा प्रयत्न आम्ही करतो. ते अंगण अजून एकत्र आलेले नाही. वाचकहो, आपल्या संध्याकाळच्या रोझरीत त्या दोघांचे स्मरण असू द्यावे. आणि आमच्या जिभेचेही.