उंबऱ्यापर्यंत आलेला रस्ता

आमच्या घराला तीन पायऱ्या होत्या. आता दोनच उरल्यात, आणि तिकडे नजर गेली की अजून जीव जळतो.

देवासच्या टेकडीच्या पायथ्याची जुनी गल्ली. काँक्रीटच्या रस्त्याला मंजुरी मिळाली हिवाळ्यात, काम लागलं अक्षय तृतीयेनंतर. माळव्यात जूनच्या मध्यानंतर पाऊस कधीही येतो. आमची काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हात भेगाळते. ती उपसून, मुरूम भरून, नीट दाबून मगच वर काँक्रीट घालायचं असतं. पण मुकादम म्हणाला, आता खणलं आणि पाऊस आला तर गल्ली चिखलात बसेल. म्हणून जुन्या रस्त्यावरच नवा थर चढवला. वीतभर. पहिली पायरी त्यात गडप झाली.

त्याहून जिवाला लागलं ते पाणी. सकाळी टँकर येऊन गोणपाटं भिजवून जायचा. दहा वाजता ती कोरडी ठणठणीत, हात लावला तर चटका बसायचा. काँक्रीट निदान आठवडाभर तरी सतत ओलं राहायला हवं. समोरच्या काकू दुपारी भांडी विसळलेलं पाणी त्यावर नेऊन ओतायच्या. १९९० मध्ये याच गावाला इंदूरहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या गावात काँक्रीट भिजवायला मे महिना निवडावा? अजून हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

पहिल्याच मोठ्या पावसात पाणी उंबरा ओलांडून आत आलं. आईनं गव्हाची पोती खाटेवर चढवली, आणि आम्ही रात्रभर ताटांनी पाणी उपसत होतो. श्रावणात नळाच्या जोडणीसाठी तोच रस्ता कापला. आधी नळ, मग रस्ता, एवढं तरी ठरवून करता येतं.

माझ्या मते अशा कामाला देवदिवाळी ते होळी हाच काळ. नवरात्रात टेकडीवरच्या चामुंडा आणि तुळजाभवानीच्या दर्शनाला रीघ लागते, तेव्हा खणायचं नाही. थंडीत काँक्रीटही नीट मुरतं. लग्नसराईची अडचण होईल, ती सोसावी.

पण काम दिवाळीनंतर घेऊ, असं तेव्हा सुचवलं गेलं होतं आणि विरोध आम्हीच केला होता. पावसाळ्याआधी उरका, या अर्जावर माझी सही आहे. दोन पावसाळे चिखल तुडवला होता, तिसरा नको होता. आजही त्या चिखलाची आठवण झाली की सही चुकली असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

परवा मागच्या गल्लीतली एक सून तसाच अर्ज घेऊन आली. मी म्हटलं, देवदिवाळीपर्यंत थांबा.

"काका, तुमचा रस्ता झालाय," ती म्हणाली. "माझी मुलं चिखलातून शाळेत जातात."

मी सही केली. खाली एक ओळ लिहिली: जुना थर आधी काढावा.