पंचहौदचा चहा आणि जीआरईचे शब्द

मारुंजीला लागून हिंजवडीचा आयटी पार्क, गावात अभियांत्रिकीचे महाविद्यालय, आणि जुन्या शेतांवर उभ्या राहिलेल्या मोठाल्या वसाहती. परदेशी एमएस करायला निघालेली मुले इथे प्रत्येक इमारतीत सापडतात. त्यांतली काही शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे येतात, जीआरईच्या इंग्रजीसाठी. गणिताची त्यांना चिंता नसते. शब्दांची असते, आणि शब्दांतही एका गठ्ठ्याची जास्त: अपॉस्टेट, हेरेटिक, पायस, सॅन्क्टिमोनियस, एक्स्पिएट, रिकँट, आयकॉनोक्लास्ट, पॅरोकियल. चर्चच्या आत कधी न गेलेल्या मुलांना हे सगळे एकाच रंगाचे दिसतात. त्या वर्गासाठी काढलेली ही टिपणे.

*

बॅरन्सच्या जुन्या पुस्तकातली साडेतीन हजार शब्दांची यादी पाठ करून आमच्या पिढीची मुले अमेरिकेला गेली. तेव्हा परीक्षेत विरुद्धार्थी शब्द विचारत, शब्दांच्या जोड्या जुळवायला देत. ऑगस्ट २०११ पासून ते दोन्ही प्रकार गेले. आता वाक्यात रिकामी जागा असते, किंवा सहा पर्यायांतून वाक्याला सारखाच अर्थ देणारे दोन निवडायचे असतात. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आणखी आटोपशीर झाली: एकूण दोन तासांच्या आत, इंग्रजीचे प्रश्न २७. म्हणजे शब्दाचा ढोबळ अर्थ पुरत नाही. तो कुणी कुणाला, कशासाठी लावला हे कळावे लागते. कार्डावर एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ, एवढ्याने ते कळत नाही.

*

अपॉस्टेट आणि हेरेटिक. दोन्हींच्या कार्डावर मुलांनी ‘धर्मद्रोही’ लिहिले होते. मी पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्याच्या सनातन्यांच्या नजरेत त्या अपॉस्टेट झाल्या: आपला धर्म सोडून गेलेली बाई. पण वाँटेजच्या मठातही त्यांचा मार्ग सरळ नव्हता. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना. जे बायबलमध्ये सापडत नाही ते चर्च सांगते म्हणून मान्य करायला त्या तयार नव्हत्या. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून दीर्घ वाद झाला. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, इथपर्यंत तो गेला. त्या सिस्टरना जी भीती वाटत होती ती हेरसीची: धर्माच्या आत राहून धर्ममत नाकारण्याची.

घर सोडणारा अपॉस्टेट, घरात राहून भांडणारा हेरेटिक. एकाच बाईवर दोन्ही आरोप दोन बाजूंनी आले, आणि याच बाईने पुढे केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खे बायबल मराठीत आणले. या दोन शब्दांसाठी याहून चांगले उदाहरण मला जगात कुठे दिसत नाही. ते दौंड तालुक्यात आहे.

*

दुसरा मोठा ऐवज पुण्याच्या पेठेतला. ऑक्टोबर १८९०. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी पुण्याची प्रतिष्ठित मंडळी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला नेली. तिथे चहा-बिस्किटे आली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कपाला हात लावला. मग गोपाळरावांनीच हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापायला दिली. त्यांत टिळक होते, रानडे होते. सनातन्यांनी शंकराचार्यांकडे तक्रार नेली, चौकशीला शास्त्री आले, ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले.

यादीतले निम्मे शब्द या एका कपात आहेत. तक्रार करणारे ऑर्थोडॉक्स. मिशनमधल्या चहाने लागलेला विटाळ हा डिफाइलमेंट. जातीबाहेर टाकण्याची धमकी ही एक्सकम्युनिकेशन. चर्चमध्ये हा अधिकार पोप किंवा बिशपचा, इथे शंकराचार्यांचा. पंगत बंद, लग्नकार्याला भटजी मिळेना, हे ऑस्ट्रसिझम, आणि त्याला कोणत्याही धर्मपीठाचा शिक्का लागत नाही. प्रायश्चित्त घेऊन दोष फेडणे हे एक्स्पिएट.

इथे थोडे थांबते, कारण परीक्षा नेमकी इथेच पकडते. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले आणि धर्मशास्त्राच्याच आधारे प्रतिपक्षाशी झुंज दिली. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारक दुखावले, न्यायमूर्ती शरण गेले असे म्हणू लागले. पण रानड्यांनी आपले एकही मत मागे घेतले नाही. एक्स्पिएट झाले, रिकँट झाले नाही. गॅलिलिओने १६३३ मध्ये रोमला जे केले ते रिकँट: पृथ्वी फिरते हे मत त्याला गुडघे टेकून नाकारावे लागले. कृतीचा दोष फेडणे वेगळे आणि विचार परत घेणे वेगळे. एका मुलीने विचारले, ‘काकू, मग रानड्यांनी घेतले ते बरोबर की चूक?’ परीक्षेत हा प्रश्न येणार नाही. तरी त्या संध्याकाळी बाकी काही शिकवले नाही. मला रानडे बरोबर वाटतात. आपल्यापायी इतरांची घरे वाळीत पडू नयेत म्हणून माणूस स्वतः खाली वाकला, तर त्याला भित्रा म्हणवत नाही.

*

आयकॉनोक्लास्ट. बायझंटाईन साम्राज्यात आठव्या-नवव्या शतकात चर्चमधल्या प्रतिमा खरोखर फोडल्या गेल्या, शब्द तिथला. जीआरईत मात्र फुटते ती रूढी. आगरकर डोळ्यांसमोर आणा: १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि पुण्यात जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा निघाली. मुलांना हा शब्द पुन्हा सांगावा लागला नाही.

*

पायस आणि सॅन्क्टिमोनियस यांतला फरक मुळशी-मावळात अखंड हरिनाम सप्ताहाला बसलेल्या कुणालाही ठाऊक असतो. पहाऱ्याला वीणा खांद्यावर घेऊन उभा राहणारा पायस. लोक बघताहेत म्हणून गंध ठळक लावणारा सॅन्क्टिमोनियस. आपल्याकडे पहिल्याला भाविक म्हणतात, दुसऱ्याला भोंदू. तुकोबांची अर्धी लढाई या दुसऱ्याशी होती. वाक्यात रिकाम्या जागेच्या आधी ‘स्तुती’ आहे की ‘आव’ आहे एवढे बघा.

*

कॅथलिक, पहिले अक्षर लहान असेल तर: सर्व प्रकारांत रस घेणारा. पॅरोकियल: आपल्या पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीपलीकडे न बघणारा. परीक्षेत हे दोघे बहुधा विरुद्ध बाजूंना येतात.

*

एका शब्दापाशी मी मुलांना घाई करू देत नाही. पराया. कार्डावर अर्थ असतो ‘समाजाने टाकलेला’. पण हे तमिळ प्रदेशातल्या परैयर जातीचे नाव आहे. परै म्हणजे ढोल. तो वाजवणाऱ्यांची जात. साहेबाने ते नाव उचलले, सामान्यनाम केले, आणि आज एखाद्या नेत्याशी कुणी बोलेनासे झाले की वर्तमानपत्रे त्याला हा शब्द लावतात. जिवंत माणसांच्या जातीचे नाव शिवीच्या जागी बसले आहे. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली, ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. बहिष्कृत हा शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने मथळ्यावर घेतला, टाकणाऱ्यांना जाब विचारायला. परीक्षेत मुलाने या पर्यायावर टिचकी जरूर मारावी. पण हे माहीत असावे.

जगरनॉट तसाच. पुरीच्या जगन्नाथाचा रथ, युरोपीय प्रवासी आणि मिशनरी यांच्या वर्णनांतून माणसे चिरडणारे यंत्र होऊन इंग्रजीत गेला. हीदन, आयडॉलेटरी हे शब्दही यादीत आहेत, आणि ते एकेकाळी आपल्याच आज्या-पणज्यांना लावलेले होते. ते शिकताना लाजायचे कारण नाही. बोलणारा कुठे उभा आहे हे मात्र समजून शिकावे.

*

युरोपातून मराठीकडे, अशा उलट दिशेचे काम गोव्यात आधीच झाले होते. फादर स्टीफन्स १५७९ मध्ये आला, मराठी शिकला, आणि १६१६ मध्ये रायतूरला त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. येशूचे चरित्र ओवीत सांगताना त्याने स्वर्गाला वैकुंठ म्हटले. परक्या धर्माचा शब्द ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या गोष्टीला बांधायचा, मी या वर्गात करते तेच तो करत होता.

*

हेजिओग्राफी. महिपतीचा ‘भक्तविजय’ १७६२ चा, ‘भक्तलीलामृत’ १७७४ चे. संतचरित्र हा मूळ अर्थ, आणि तो आदराचा आहे. परीक्षेत मात्र हा शब्द बहुतेक वेळा टीकेचा असतो: दोष झाकून फक्त गोडवे गाणारे चरित्र. एक मुलगा यावर भांडला. महिपतीने काहीच झाकलेले नाही, त्याला श्रोत्यांना भक्ती द्यायची होती, असे त्याचे म्हणणे. मला ते पटले. उत्तरपत्रिकेसाठी दोन्ही अर्थ लिहून घ्यायला लावले.

*

पुढच्या शनिवारी: स्किझम (१०५४, रोम आणि कॉन्स्टँटिनोपल), सायमनी, इंडल्जन्स (ल्यूथर, १५१७). इंडल्जन्ससाठी पापमुक्तीच्या पत्रांची विक्री नीट समजावायची. आजचा ‘लाड’ हा अर्थ त्यानंतर.