अंगणापुरता उजेड

आमच्या घरातल्या आठ मिलिमीटरच्या रिळांत आजी फार थोडा वेळ दिसते, आणि दिसते तेव्हा तिचे डोळे उन्हानं बारीक झालेले असतात. कॅमेरा धरणाऱ्या आजोबांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं, असं अजिबात नाही. त्या काळची फिल्मच मंद होती. रंगीत कोडाक्रोमचा वेग जेमतेम १० एएसए; १९६१ साली नवी कोडाक्रोम आली तेव्हा तो २५ झाला. काळी-पांढरी फिल्मही काही फार तेज नसे. असल्या फिल्मला कोल्हापुरातल्या जुन्या घराचं माजघर म्हणजे निव्वळ काळोख. चुलीपाशी, देवघरात, बाळंतिणीच्या खोलीत, म्हणजे जिथं बायकांचा दिवस जायचा तिथं, कॅमेऱ्याचं काही चालत नसे. मग आजोबा सगळ्यांना अंगणात बोलवत. आजी पदराला हात पुसत येते, क्षणभर थांबते. चित्रपट मुका आहे, पण ओठांवरून स्वच्छ वाचता येतं, ‘पुरं की आता!’ आणि ती आत वळते. उंबऱ्यापलीकडं नुसतं काळं.

उन्हाचा हा हिशेब आमच्या गावाला नवा नव्हता. मावळतीची किरणं अंबाबाईच्या पायांशी कधी पोचतात, यासाठी अख्खं गाव किरणोत्सवात डोळे लावून बसतं. खरी कॉर्नरला ज्यांच्या आठवणीसाठी कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, त्या बाबूराव पेंटरांनीही सुरुवातीला उन्हावरच भिस्त ठेवली. त्यांचे भाऊ आनंदराव पेंटर १९१६ साली गेले, तेव्हा दोघा भावांचं कॅमेऱ्याचं स्वप्न अर्धवट राहिलं होतं. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. पुढं ‘सिंहगड’मध्ये त्यांनी रात्रीच्या दृश्यांसाठी विजेचे दिवे वापरले. ते साल १९२३. त्याच वर्षी अमेरिकेत कोडॅकनं घरगुती वापरासाठी सोळा मिलिमीटरची फिल्म काढली. नायट्रेटच्या फिल्मसारखा ती भडका घेत नसे, म्हणून घरात ठेवायला धोका नव्हता.

१९३२ मध्ये आठ मिलिमीटर आली, तिची काटकसर मला फार आवडते. सोळाच्याच रुंदीची पंचवीस फूट फिल्म एका कडेनं चित्रित करायची, मग रीळ उलटं लावून दुसऱ्या कडेनं. धुऊन झाल्यावर ती मधोमध कापून जोडली की पन्नास फूट, म्हणजे साधारण चार मिनिटं. चावीचा कॅमेरा, चार मिनिटांची चैन. मुंज, वरात, रंकाळ्यावरची संध्याकाळ. रोजचं जगणं त्यात बसतच नव्हतं.

ही घरगुती फिल्म धुवायची रीत समजल्यापासून मी या रिळांकडे वेगळ्या नजरेनं पाहतो. आता मी स्वतः सुपर आठवर ट्राय-एक्स ही काळी-पांढरी फिल्म चालवतो; पन्नास फुटांत तीन मिनिटं वीस सेकंद. धुणंही घरीच. एप्रिलमध्ये कोल्हापुरात नळाचं पाणी इतकं तापलेलं असतं की बर्फ घालून ते वीस अंशांवर आणावं लागतं. पहिल्या डेव्हलपरमध्ये, जिथं जिथं उजेड पडला तिथं तिथं चांदी उमटते. म्हणजे निगेटिव्ह तयार होतं. मग तीच चांदी ब्लीचमध्ये पार विरघळवून टाकायची, डाग घालवायचे, आणि उरलेल्या फिल्मला सरळ दिव्याखाली धरायचं. अंधारात इतकं जपलेलं असं उघड्यावर आणताना हात आजही बिचकतो. दुसऱ्या डेव्हलपरमध्ये उरलेली चांदी काळी होते, आणि तेच आपलं चित्र.

म्हणजे पडद्यावर दिसतं ते कॅमेऱ्यातल्या उजेडानं न शिवलेल्या चांदीचं चित्र! अंगणातलं ऊन म्हणजे जवळजवळ कोरी पट्टी. आजोबांच्या काळ्या-पांढऱ्या रिळांत सगळ्यात दाट चांदी आजीच्या मागच्या त्या अंधाऱ्या दारातच आहे. हे लक्षात आल्यापासून मी मुद्दाम आईच्या स्वयंपाकघरात चित्रण करतो. ट्राय-एक्सचा वेग दोनशे आहे. खिडकीशी भाकरी थापणारा हात तिला पुरेसा दिसतो.

या रीतीत निगेटिव्ह उरत नाही. कॅमेऱ्यातून गेलेली पट्टी हीच एकमेव प्रत. मोठे चित्रपटही टिकले नाहीत: बाबूरावांच्या मूकपटांतले बहुतेक गेले, आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या कोठारांना आग लागली तेव्हा नायट्रेटवरचा मोठा ठेवा जळाला. घरगुती रीळ असं भडकत नाही, ते आंबतं. पत्र्याच्या बंद डब्यात, माळ्यावर, उन्हाळ्याच्या उकाड्यात आणि आमच्याकडच्या लांबलेल्या पावसाळ्यात अ‍ॅसिटेट कुजायला लागतं, डबा उघडताच व्हिनेगरचा भपकारा येतो, आणि त्या वाफेनं शेजारचं रीळही बिघडतं. एकदा सुरू झालेलं हे थांबवता येत नाही, फक्त लांबवता येतं. म्हणून आंबट वास येणारी रिळं आधी वेगळी काढावीत, आकसलेली फिल्म जुन्या प्रोजेक्टरवर मुळीच चढवू नये, आणि स्कॅन करून घेतलं म्हणून मूळ रीळ भंगारात देऊ नये. स्कॅनिंग उद्या आणखी चांगलं होईल. आजीवर पडलेलं ऊन त्या पट्टीवरच आहे.

नावांचा प्रश्न मला याहून निकडीचा वाटतो. चेहरे स्पष्ट आहेत, पण ओळखणारी माणसं कमी होत चालली. हल्ली आई एकेक दृश्य थांबवायला लावते आणि मी डब्यात ठेवायच्या कागदावर पेन्सिलीनं लिहितो: कुणाची मुंज, कुणाची सून, पाळण्यातलं पोर कुणाचं. पंचगंगेच्या घाटावर हसणाऱ्या दोन बायका तिलाही ओळखता येत नाहीत. गारगोटीची मावशी सांगेल म्हणते. पाऊस लागायच्या आत तिच्याकडे जाऊन यायचं ठरलं आहे.